बाबांना आम्ही डोंगरावरून खाली आणलं तेव्हा

भूतखेत, करणी, झपाटणं... या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही. मी गोंदियात एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, रिपोर्ट बघितल्याशिवाय काही मानायची सवय नाही. आणि आमचं घर बौद्ध. घरात बुद्धवंदना व्हायची, पण देवऋषी, लिंबू, गंडा-दोरा यांतलं काही बाबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. आमगाव, सालेकसा, दरेकसा — हा सगळा जंगलपट्टा त्यांच्या पायाखालचा. वळणावर बाई उभी दिसते वगैरे कुणी सांगायला लागलं की ते हसायचे. "एवढी वर्सं गाडी चालवली मी. मले तं एकाही भुतानं हात दाखवून थांबवलं नाही."

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच बाबांबद्दल आहे.

रिटायर झाल्यावर त्यांना अटॅक आला — हृदयाचा नाही, मेंदूचा. त्यातून उठले, चालायला लागले, पण डोकं हळूहळू रिकामं होत गेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं. आधी रस्ते विसरले, मग आम्हाला, मग शब्दच गेले. शेवटी शेवटी एकच वाक्य उरलं होतं आणि तेही आईसाठी. ती भात भरवायला बसली की घाबरून भिंतीकडे सरकायचे — "कोण आहे हे बाई? हिले बाहेर काढा." आई घास तसाच हातात धरून बसून राहायची.

गेल्या हिवाळ्यात माझा भाऊ राहुल याने सेकंडहँड गाडी घेतली. म्हणाला, बाबांना त्यांच्या रूटवर फिरवून आणू. मी, आई, बाबा, राहुल, असे चौघे निघालो. हाजरा फॉलला पोचलो तर तिथे कॉलेजच्या पोरांचा डीजे चाललेला. बाबा कानावर हात ठेवून ओरडायला लागले. म्हणून राहुलने गाडी तशीच पुढे काढली, छत्तीसगडच्या बाजूला. एका जागी रस्त्यालगत बैलगाडीची जुनी वाट डोंगरावर जाते. चढ अगदी सोपा. मध्ये एक कोरडा नाला लागतो, तो ओलांडला की थोड्या वेळात वर सपाट काळा दगड, अंगणासारखा. कडेला एक मोहाचं झाड. खाली नुसतं जंगल दिसतं. माणूस नाही, दुकान नाही, बोर्ड नाही.

मोहाखाली चादर टाकली. आईने डबा उघडला. बाबांनी वांग्याच्या भाजीत पोळी बुडवली, खाल्ली, आणि म्हणाले —

"सुमन, मीठ टाकाले विसरली काय वो?"

सुमन हे आईचं नाव. आईच्या हातातलं झाकण दगडावर पडलं, ते गोल गोल फिरत राहिलं आणि आम्ही कुणी उचललं नाही.

"तुझे केस कधी पांढरे झाले? आणि हा राहुल एवढा जाडा काऊन झाला?"

आम्ही तिघं एकदम रडायला आणि हसायला लागलो. त्यांनी माझ्या नोकरीचं विचारलं, आपल्या पेन्शनचं विचारलं. मग आपल्या धाकट्या भावाचं. काका वारून वर्ष झालं होतं. बाबा मयतीला हजर होते, पण त्यांना काही कळलं नव्हतं. सांगावं लागलं. ते तोंडावर दुपट्टा घेऊन रडले — त्यांना रडताना बघून मला आनंद होत होता, कारण रडायला माणूस आत असावा लागतो. दुपारभर ते बोलत होते. आईचा हात त्यांनी सोडला नाही.

ऊन कलल्यावर उतरायला लागलो. त्यांचा एक हात माझ्या हातात होता, पकड घट्ट. सालेकसा डेपोतला कुठलासा जुना किस्सा सांगत होते. नाल्याच्या दगडांवर पाय ठेवला आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. हात ढिला पडला. आईने दुसऱ्या बाजूने धरायला हात पुढे केला तर त्यांनी तो झटकला. "कोण आहे हे बाई?"

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. काही तास माणूस एकदम भानावर येतो. जास्त आशा ठेवू नका. मीही राहुलला तेच समजावलं. पण आई पुढच्या रविवारची वाट बघत होती. तिने ठेवणीतली चांगली साडी इस्त्री करून आणली.

रविवारी नाला ओलांडताना मी बाबांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. पलीकडे पाय टेकला आणि डोळे बदलले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. पण या वेळी ते हसले नाहीत. मोहाखाली बसले आणि म्हणाले, "आठ दिस झाले. मले सोडून काऊन गेले तुमी?"

"सोडून कुठं गेलो, बाबा?" राहुल म्हणाला. "गाडीत बसवून घरी नेलं ना."

"कोणाले नेलं?"

राहुलने माझ्याकडे पाहिलं.

"मी इथंच होतो. तुमी उतरून राहिले होते, मी मांगून आवाज देऊन राहिलो. कोणी पलटून पाहेना. तुमच्या मधात कोणीतरी होता. त्याचा हात धरून वंदू चालली होती." वंदू म्हणजे मी. "मले नाल्याच्या खाली येताच येत नाही. पाय उचलतो, पण तो पडते इथंच."

आई म्हणाली, "अजी, असं काय बोलता? मी रोज तुमाले भरवते. आंघोळ घालते."

"मले नाही, सुमन. तू कोणाले आंघोळ घालते, मले माहीत नाही. मी रातभर या झाडाले टेकून बसतो. अस्वल येऊन वास घेऊन जाते."

मी मनात डॉक्टरी शब्द जुळवत होते — भ्रम, गोंधळ. तेवढ्यात ते म्हणाले, "बुधवारी फॉरेस्टवाले आले होते. पल्याडच्या उतारावर पट्टा जाळला. दिवसभर धूर होता, डोळे फुटायची पाळी आली. त्याहिले पण आवाज दिला."

उन्हाळ्यात वणवा पसरू नये म्हणून फॉरेस्टवाले असे पट्टे जाळून ठेवतात, हे खरं. पण पलीकडचा उतार त्या दगडावरून दिसत नाही. राहुल उठून डोंगराच्या धारेपलीकडे गेला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांना राख लागलेली होती. बुधवारी बाबा घरी पलंगावर होते. मी स्वतः त्यांची नखं कापली होती.

त्या दिवशी डबा कुणी उघडला नाही. आई म्हणाली, मी इथंच राहते यांच्यापाशी. राहुल म्हणाला, "आई, बिबट आहे, अस्वल आहे, थंडी किती आहे... वेडी झाली का?" त्याचं चूक नव्हतं. पण ऊन मोहाच्या शेंड्यावर गेलं तसे बाबा घाबरायला लागले. डिमेन्शियावाला माणूस घाबरतो तसे नाही, आम्ही लहानपणी ज्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नाही ते बाबा. त्यांनी झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"नोका जाऊ. वंदू, तू तरी नोको जाऊ. तुमाले वाट्टे तुमी मले नेता. तुमी मले नेतच नाही, बाप्पा..."

राहुल रडत रडत त्यांचं एकेक बोट झाडावरून सोडवत होता. सालीवर नखं घासल्याचा आवाज येत होता. मग त्याने त्यांना पाठीवर घेतलं. बाबा त्याच्या खांद्यावर मुठी मारत होते, शिव्या देत होते, मला हाका मारत होते. आई मागे चपला हातात घेऊन चालत होती.

नाला ओलांडला. मुठी थांबल्या. त्यांची मान राहुलच्या खांद्यावर कलली, तोंडातून लाळ आली. आता ते शांत होते. मी पदराने... म्हणजे ओढणीने त्यांचं तोंड पुसत होते आणि तेव्हाच वरून आवाज आला.

"वंदू..."

बाबांचा आवाज. मोठा, स्पष्ट, स्टँडवरून हाक मारायचे तसा. आणि बाबा माझ्यासमोर होते, त्यांचे ओठ मिटलेले होते, माझी ओढणी त्यांच्यावर होती. आई जागेवरच बसली. तिने ऐकलं होतं. राहुल म्हणाला, "चला. मी काही ऐकलं नाही. चला म्हणतो ना!"

पुन्हा हाक आली, मग आणखी एकदा. गाडीचं दार लावेपर्यंत येत होती.

त्यानंतर राहुलने साफ नकार दिला. आई प्रत्येक रविवारी साडी नेसून बसायची. त्याने किल्ली लपवली. ती बसने जायला निघाली तेव्हा त्याने दाराला बाहेरून कडी लावली. दोघांत शेवटी बोलणंच बंद झालं. मी मध्ये होते आणि कुणाची बाजू घ्यावी, कळत नव्हतं. नेलं तर पुन्हा ती बोटं सोडवायची, नाही नेलं तर ते तिथे एकटे — हे मानायचं की नाही, हेच ठरत नव्हतं. आई मात्र पलंगावरच्या माणसाला पूर्वीसारखंच भरवत होती. एकदा म्हणाली, "हाही कोणाचा तरी असंन."

पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि बाबा गेले. भंतेजी आले, नातलग आले, सगळं रीतसर झालं. आई रडली नाही. लोकांनी नावं ठेवली. माझी आत्या तोंडावर बोलली. आई म्हणाली, "माझा माणूस अजून पाण्यात भिजून राहिला, मी इथं रडत बसू?"

पाऊस उघडल्यावर आईचे गुडघे चालत नव्हते. तिने राहुलच्या पाया पडायला हात पुढे केले, तेव्हा तो आणि मी दोघंच गेलो. वाट गवताने भरलेली, नाल्याला पाणी. वर दगड धुऊन स्वच्छ झाला होता. मी हाक मारली. काही नाही. मग राहुल उभा राहिला आणि ओरडायला लागला, "बाबा! मी ऐकलं होतं! त्या दिवशी ऐकलं होतं मी!" घसा बसेपर्यंत ओरडला. खाली जंगलात मोर तेवढे ओरडले. आम्ही दुपार उलटेपर्यंत बसलो, मग उतरलो. नाल्यापाशी मी थांबून कान दिला. पाण्याशिवाय दुसरा आवाज नव्हता.

आई दारातच बसली होती. "भेटले?"

राहुलला वाटलं, नाही म्हटलं तर तिची सुटका होईल. तो म्हणाला, "नाही, आई. कोणीच नाही तिथं."

"मंग कुठी गेले?" आई म्हणाली. "खाली तं त्याहिले येता येत नव्हतं."

आता ती रोज हेच विचारते. राहुल बदली मागून भंडाऱ्याला गेला आहे. मी नागपूरच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, ते म्हणाले तुम्ही कुणाशी तरी बोला, झोपेची गोळी देतो. राखेबद्दल ते काही बोलले नाहीत. मी त्या डोंगराचं नाव इथे लिहिलेलं नाही, आणि कृपा करून कुणी विचारूही नका. तुमच्याही घरात पलंगावर कुणीतरी असेल, आणि तुम्ही त्यांना नक्की वर न्याल.