देवीच्या गालावरची चीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अन्याय दिसला की पत्रक काढणारी मी — स्वतःविरुद्ध मात्र एक ओळ लिहिली नाही.

मैलापुरात आमचं चांदीकामाचं दुकान आहे. तंजावरहून आलेलं मराठी घर, देवांचे मुखवटे घडवणारं. मला त्याचा अभिमान आहे — का नसावा? मेक्सिको असो की इराण, चांदी ठोकणारा प्रत्येक जण एकच नियम पाळतो: पत्रा ताठरला की थांबायचं, तापवून नरम करायचा, मगच पुढचा घाव; नाहीतर पत्रा चिरतो. या नियमाला देश नाही, धर्म नाही — मालकही नाही!

मला तो पेरियप्पांनी शिकवला. वडिलांचे थोरले भाऊ. मुलीला हातोडी कशाला, असं घर म्हणत होतं, तेव्हा त्यांनीच ती माझ्या हातात दिली.

आणि मी काय केलं?

देवीच्या एका मुखवट्याचा गाल घडवायला माझ्याकडे होता. पत्रा ताठरला होता — हाताला कळत होतं. पण कामगारांच्या सभेचं पत्रक छापायला द्यायचं होतं. मी न तापवताच ठोकत राहिले. वरून काही दिसलं नाही. निघून गेले.

आमच्याकडे देवीचे डोळे सगळ्यात शेवटी, घरातल्या थोरल्यानं घडवायचे; त्याला डोळे उघडणं म्हणतात. दुसऱ्या दिवशी पेरियप्पांनी छिन्नी टेकवली, हलकेच ठोकलं — आणि डोळ्यापासून ओठापर्यंत गाल चिरला.

"अण्णा, डोळे उघडायचे होते, तोंड नव्हे," अप्पा, माझे वडील, हसले.

पेरियप्पा हसले नाहीत. स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "पोदुम रे, पुरे आता. हात गेला माझा."

मी शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? माझ्या पत्रकात काय होतं, सांगू? — दुसऱ्याची चूक कामगाराच्या माथी मारू नका.

मी गप्प राहिले.

त्यांनी पुन्हा हातोडी धरली नाही. आता पुढे बसून पैंजण विकतात. देवीचे डोळे मी उघडते — हे काम करणारी आमच्या घरातली पहिली मुलगी. चांगले उघडते, खोटी नम्रता मला जमत नाही. गिऱ्हाईक आलं की पेरियप्पा त्याला आत बोलावतात. "बघा, आमच्या पोरीचं काम!"

त्यांचा हात गेला नव्हता. गाल मी चिरला होता. तेव्हाही मला ते ठाऊक होतं.