पुतळ्याच्या खांद्यावरची पट्टी

मी सुभेदार शेख, गाव सुपे, आता निवृत्त. हवालदार असताना बारामतीच्या एका कॉलेजात एनसीसीच्या पोरांना शिकवायला माझी पोस्टिंग झाली. पलटणीतले दोस्त म्हणाले, मजा आहे बुवा तुझी, घरची भाकरी. कसली मजा? सकाळी मैदानावर पोरं जांभया देत उभी आणि ओरडून माझा घसा बसलेला.

कॉलेजात काचेच्या पेटीत जुने बिल्ले होते. इंग्रजांच्या काळात विद्यापीठाची ट्रेनिंग कोअर होती, तिची पितळी अक्षरं. पुढं तिच्या नावात 'ऑफिसर' शब्द आला, तेव्हाचे बिल्ले. मग स्वातंत्र्यानंतरचे एनसीसीचे. कॉलेजच्या पोरांतून अधिकारी घडवायचं काम तेव्हापासूनचं. थिअरीच्या तासाला मी हे सांगायचो. निम्मी पोरं पेंगायची. ऋषिकेश जागा असायचा.

इंदापूर तालुक्यातला पोरगा. वडील, तात्या, कारली-दोडके पिकवायचे. हा पहाटेच्या एसटीनं यायचा, ते पितळ घासून लख्ख करायचा आणि विचारायचा, उस्ताद, हे लावणारे पुढं कोण झाले? मी म्हणायचो, कोणी साहेब झाले, कोणी मास्तर झाले, तू आधी बुटाला पॉलिश कर. तिसऱ्या वर्षी तो सीनियर अंडर ऑफिसर झाला. कॅडेटमधली सगळ्यात वरची रँक. परेडच्या दिवशी गडी खांद्याची पट्टी न काढता गावी जायचा, सगळ्या एसटीला दिसावी म्हणून.

पुढं तो लेफ्टनंट झाला आणि त्यानं आमचीच पलटण मागून घेतली. मी तोवर नायब सुभेदार. ज्याला 'पोट आत घे' म्हणून झापलं, त्यालाच सॅल्यूट ठोकला. ऊर भरून आला. चारचौघांत तो मला 'साब' म्हणायचा, बंकरमध्ये 'उस्ताद'.

त्या हिवाळ्यात आमची प्लाटून बर्फातल्या पोस्टवर होती. एका दुपारी गस्तीवरचे जवान खालच्या नाल्यात अडकले. शिपाई दीपकचा पाय मोडला होता. मी म्हणालो, साहेब, मी जातो.

"रेडिओवर तुम्ही थांबा, उस्ताद. माणसं माझी आहेत."

दोन जवान घेऊन तो उतरला. वजनानं बर्फ सुटू नये म्हणून बर्फाचा उतार एकेकानंच पार करायचा असतो. तासाभरानं रेडिओ बोलला.

"बाकी सगळे पार झाले. दीपकला पाठीवर घेऊन शेवटी मी निघतोय. ओव्हर."

मी 'रॉजर' म्हणालो. तेवढ्यात वरून बर्फ सुटलं. मी हाका मारत राहिलो, उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं सापडले. दीपक त्याच्या पाठीवरच होता. मी जवानांसमोर ढसाढसा रडलो. त्याची मला लाज वाटत नाही.

गेल्या वर्षी गावानं शाळेच्या आवारात ऋषिकेशचा अर्धपुतळा बसवला. अनावरणाच्या आदल्या दिवशी मला बघायला बोलावलं. चेहरा हुबेहूब. खांद्याकडं बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. लेफ्टनंटचे दोन तारे नाहीत, कॅडेटची पट्टी! मूर्तिकाराला फैलावर घेतलं. म्हटलं, पोरानं कमावलेली रँक तू काढून घेतोस? आजच्या आज तारे बसव. तो बिचारा हत्यारं काढायला लागला. तात्या खाली बघत उभे.

"त्यांला नका बोलू, भाऊ," ऋषिकेशची आई, सुनंदाताई म्हणाल्या. "त्यो फोटू मीच दिला. ताऱ्याचाबी हाय घरात. पर तारं लावून गेला त्यो आलाच न्हाय. ही पट्टी लावून सांजंला घरी यायचा. मला त्यो घरी येणारा ऋषी पायजे."

सगळे नियम मला पाठ आहेत, एकही कामाला आला नाही. मूर्तिकाराला म्हटलं, राहू दे.

दुसऱ्या दिवशी पलटणीचे कर्नलसाहेब आले. पुतळ्यासमोर थबकले आणि हळूच म्हणाले, "साब, रँक गलत है."

"सर, माँ का ऑर्डर है."

कर्नल कॅडेटला सॅल्यूट करत नाही. त्यांनी टाचा जुळवल्या आणि केला. मीही केला. खाली ऋषिकेशच्या नावाशेजारी दीपकचं नाव कोरलंय. तेही सुनंदाताईंनीच सांगितलं होतं, दोघं संगंच होते म्हणून.

संध्याकाळी मंडप उतरला, माणसं पांगली. मी निरोप घ्यायला गेलो. ताई पदरानं पुतळ्याच्या खांद्यावरच्या पाकळ्या झाडत होत्या.

"जेवून जावा, भाऊ," त्या म्हणाल्या. "आज ऋषी आलाय."