सदतीस नंबरचं बाक

भुतंखेतं, करणी, दृष्ट... असल्या गोष्टींना मी नाक मुरडणारी बाई. नवरा तर म्हणतो, भूत आलं तर तूच त्याला झापशील! म्हणून हे सांगायला इतकी वर्षं लाज वाटली.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं... तंजावूरला, जुन्या बसस्टँडमागे मुलींची एक खाजगी शिक्षणसंस्था. मी तिथे क्लार्क. ऑफिसात कॉम्प्युटर नवा कोरा — चपला बाहेर काढून आत जायचं! परीक्षेची यादी पहिल्यांदाच त्याच्यावर करायची होती. जमा झालेल्या फॉर्मांवरून साठ मुलींची नावं इंग्रजी अक्षरक्रमानं टाइप केली. नंबर काय, पहिल्या दोन घरांत १, २ लिहून माउसनं खाली ओढलं की आपोआप पडतात.

ओढलं. शेवटचा नंबर ६१!

वर जाऊन पाहते तर कमला ३६ आणि तिच्याखाली कोमला थेट ३८. पुसून परत ओढलं... तेच. हातानं दुरुस्त केलं, तर प्रिंट निघाली ती पुन्हा ६१ची. डोकंच फिरलं माझं.

हेडक्लार्क गोविंदराव आमच्यातलेच, घरी मराठी बोलणारे. म्हणाले, “दसऱ्यात आयुधपूजेला त्याला कुंकू लावलं नाहीस, रुसलंय ते! असू दे गं, एक बाक रिकामं राहील. यादी आजच बोर्डाकडे जायला हवी.”

चरफडत तशीच पाठवली. बाकांवर खडूनं १ ते ६१ नंबर पडले, पेपरही एकसष्ट आले.

परीक्षेच्या सकाळी पापनाशमच्या बसमधून एक मुलगी धावत आली. कोकिला. हातात फीची पावती, यादीत नाव नाही. ढसाढसा रडायला लागली. “अक्का, आज बसले नाही तर अप्पा शिक्षण बंद करतील. स्थळ बघून ठेवलंय.”

पाठवलेल्या यादीत नवा नंबर घालायची सोय नव्हती. मी यादीवर बोट फिरवलं... कमला, मग कोमला. कोकिला बरोब्बर दोघींच्या मध्ये! अय्यो! तिला सदतीसवर बसवलं. पास झाली पोरगी.

नंतर त्याच फाइलमध्ये नंबर चार वेळा ओढून पाहिले. दर वेळी सरळ साठ. कॉम्प्युटरवाला म्हणाला, तुम्हीच कुठेतरी चुकलात. असेलही... पण नेमकं तिच्याच जागी?

आता ती शाळेत शिकवते. दर दिवाळीला चकलीसारखे मुरुक्कू घेऊन येते, पाया पडते — “अक्का, तुम्ही माझी जागा राखलीत.” मी मुरुक्कू घेऊन आत जाते. तिचा फॉर्म परीक्षेनंतर आठवड्यानं माझ्याच ड्रॉवरमध्ये, खाली अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सापडला होता. मीच हरवला होता तो. मग जागा राखली कुणी? मला अजून कळलेलं नाही. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.