मागे घेतलेला हात

मी जन्माची डावरी. आमच्याकडे हा गुन्हाच. प्रसादाला हात पुढे केला की माय टप्पल मारायची, "डावा हात मांगे ले!" तो इतका मागे गेला, की पन्नाशीतही कुणासमोर आपसूक उजवाच पुढे यायचा. पारोळ्याच्या दवाखान्यातसुद्धा.

वर्षभर माझं डोकं मागून ठणकत होतं, चालताना तोल जायचा. दर वेळी मी उजवा दंड पुढे करायची, डॉक्टर पट्टा बांधायचे आणि म्हणायचे, "ताई, बीपी छान आहे. टेन्शन घेऊ नका." घरी हे म्हणायचे, "बठ्ठं ठीक शे, कायले जीव खास?" म्हणजे सगळं ठीक असताना मी उगाच त्यांचा जीव खातेय. माझं डोकं दुखतंय हे मला ठाऊक होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. संताप यायचा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साक्रीजवळच्या माहेरी गेले. मांडे करताना खापरावर पोळी टाकायला वाकले आणि उजवा दंड तापलेल्या खापराला टेकला. टरारून फोड आला. परतल्यावर तपासणीला गेले, तर पट्टा बांधायला डावाच दंड उरला होता. आकडा पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण लगेच म्हणाले, "दुखण्यानं वाढलं असेल. जखम भरली की उजव्यावर बघू."

जखम वाळल्यावर गेले. उजवा मोजला, छान. त्यांनी पेन उचललं.

"आता डावा," मी म्हटलं.

"ताई, गरज नाही."

"मला आहे. मोजल्याशिवाय मी या खुर्चीवरून उठत नाही."

बाहेरची माणसं डोकावू लागली. डोकावू देत. डॉक्टरांनी चिडून पट्टा डाव्या दंडावर आवळला. मग पुन्हा उजवा. पुन्हा डावा. डावा दर वेळी कितीतरी वर. त्यांचा राग उतरला आणि त्यांनी मला धुळ्याला मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे कळलं, उजव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली होती. त्या हातात रक्ताचा जोरच कमी पोचायचा, म्हणून आकडा गुणी दिसायचा. "यापुढे बीपी डाव्यातच मोजायचं," ते म्हणाले, "आणखी काही महिने कळलं नसतं तर अवघड होतं." मी तिथेच रडले, भीतीनं कमी, रागानं जास्त. ज्या हाताला जन्मभर दडपलं, तोच खरं सांगत होता.

गोळ्या सुरू झाल्या, डोकं शांत झालं. माय भेटायला आली, देवीचा प्रसाद घेऊन. मी डावा हात पुढे केला.

"पोरी, मांगे ले तो."

"नाही घेणार, माय. या हातानं मला वाचवलंय."

तिनं लाडू तसाच धरून ठेवला, उजव्याची वाट पाहत. मीही हात हलवला नाही. चहा निवून गेला. शेवटी तिनं लाडू माझ्या डाव्या तळव्यावर ठेवला, आणि माझी बोटं स्वतःच्या हातानं मिटली.