सार्वजनिक विहिरीचा प्रश्न

निवृत्ती मूळचा अमडापूरचा. आईबाप दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबणारे. बौद्ध धर्मांतर झालं तेव्हा तो शाळेत होता. पुढे अमरावतीला बी.ए. झाला आणि कॉलेजातल्या वामनराव सरांनी त्याला खेड्यांच्या पाहणीवर घेतलं. साल सहासष्ट. अस्पृश्यता कायद्यानं गेली होती. गावातून कितपत गेली, ते सरांना बघायचं होतं.

सरांनी पोरांना आधी बसवून शिकवलं. उत्तर प्रश्नातच सुचवू नका. माणसाला एकटं गाठा. एकानं सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळून घ्या. निवृत्तीला या कामाची गोडी लागली. आपल्या माणसांचं भोगणं कागदावर आलं की त्याला कुणी खोटं म्हणू शकणार नाही, असं त्याला मनापासून वाटे.

बीबी गावापासून दोन कोसांवरच्या एका गावात तो उतरला. छापील प्रश्न होता : सार्वजनिक विहिरीवर सर्वांना पाणी भरता येतं का? जो तो ‘हाव’ म्हणे. बौद्धपुऱ्यातले लोकसुद्धा. त्याच रात्री निवृत्तीनं सरांना पत्रानं कळवलं, की प्रश्नच चुकतोय, मोघम विचारलं की मोघम उत्तर येतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आपल्या मनानं प्रश्न बदलला.

पुऱ्यात जनकाबाई एकटी दारात तूर पाखडत होती. नवरा पुंजाजी हिंमतराव पाटलांच्या मळ्यात गेला होता.

“जय भीम, बाई. आज सकाळचं पाणी कोणी आणलं?”

“म्याच आनलं.”

“विहिरीत बादली कोणी सोडली?”

तिचं सूप थांबलं. तिनं रस्त्याकडे पाहिलं. “पाटलाच्या घरची बाई आली तवा तिनं माह्या एकलीच्या घागरीत वरतून ओतलं. आमी घागरी घेऊन खाली बसून राहतो. कोनाले दया आली तं भेटते पानी. काल नाई भेटलं.”

निवृत्तीनं तिचं बोलणं जसंच्या तसं उतरून घेतलं. इतक्या दिवसांत पहिलं खरं उत्तर मिळालं होतं.

आता पडताळणी. दुपारी तो पाटलांच्या ओसरीवर गेला. हिंमतरावांनी चहा मागवला. त्याच्यासाठी कान तुटलेला वेगळा कप आला. तो अपमान गिळून त्यानं शिकवल्याप्रमाणे नेमकं विचारलं, “आज सकाळी पुऱ्यातल्या घागरीत पाणी तुमच्या घरच्या बाईंनी ओतलं का?”

हिंमतराव हसले. “काऊन बे, इतलं बारीक कोनी सांगतलं तुले?”

“कोणी नाही. मी सगळ्यांनाच विचारतो.”

“असं व्हय. घे, चहा घे.”

सकाळी पाणी ओतलं होतं ते एकाच घागरीत. ती कोणाची, हे पाटलांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. निवृत्तीला ते ओसरी उतरताना उमगलं. तो पुऱ्याकडे न वळता पुढच्या गावी निघून गेला.

महिन्याभरानं तो परत आला. विहिरीवरून ओतणं त्याच संध्याकाळी बंद झालं होतं, एकट्या जनकाबाईचं नव्हे, अख्ख्या पुऱ्याचं. बाया नाल्यातले झिरे उकरून गढूळ पाणी आणत होत्या. हगवण लागली. जनकाबाईची म्हातारी सासू त्यात गेली. पुंजाजीला मळ्यातून काढलं होतं. आणि पुऱ्यातल्या बाया पाटलाला नाही, जनकाबाईला शिव्या देत होत्या.

ती दारातच भेटली. सामान बांधलेलं होतं.

“तुमच्या कागदावर काय लिवलं?” तिनं विचारलं.

त्यानं वाचून दाखवलं. “नाव नाही लिहिलं, बाई. कुठंच नाही.”

“नाव तं गावाले ठाऊक हाय, दादा.” आवाजात राग नव्हता. त्यानं निवृत्ती जास्तच खचला. “आमी जालन्याकडं चाललो. तुमी बसू नोका हितं. लोक पाहतेत.”

त्यानं लोणारला जाऊन पोलिसांत तक्रार दिली. जमादार आला, पंच बसले. विहिरीवर सर्वांना पाणी भरता येतं का, असं विचारलं. पुऱ्यानं एकमुखानं ‘हाव’ म्हटलं. अंगठे उठले.

वामनराव सरांना त्यानं सगळं सांगितलं. सर म्हणाले, “चूक माझ्या शिकवण्यातली आहे. पडताळणी कोणाकडे करायची नाही, हे मी सांगितलंच नाही.” त्यांनी नियम बदलला. जनकाबाईच्या तोंडचं ते वाक्य मात्र अहवालात ठेवलं. अहवाल छापला गेला, नागपूरला एका सभेत त्याची वाखाणणीही झाली.

निवृत्तीनं काम सोडलं नाही. घरी त्याच्या पगाराकडे डोळे लागलेले होते. पुढच्या उन्हाळ्यात तो शेगावकडच्या एका खेड्यात, एका म्हाताऱ्या बौद्ध बाईच्या उंबऱ्याशी बसला होता. समोरच विहीर दिसत होती. ओट्याखाली उन्हात रिकाम्या घागरींची रांग, आणि घागरींपाशी मान वर करून बसलेल्या तीन बाया.

“सार्वजनिक विहिरीवर सर्वांना पाणी भरता येतं का?” त्यानं छापील प्रश्न वाचला.

म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं, मग विहिरीकडे. “हाव,” ती म्हणाली.

निवृत्तीनं ‘हो’ लिहिलं आणि पुढचा प्रश्न घेतला.