कवळीकाकांचा रेल्वेविरोध

कवळ्या बनवणाऱ्या त्या माणसाला गावात सगळे कवळीकाका म्हणत. शहराकडे जाणारी जुनी रेल्वे सुधारून तीन तासांचा प्रवास पाऊण तासावर आणायचं ठरलं, तेव्हा भर सभेत विरोधाला उभे राहिले ते एकटे काकाच. "गिऱ्हाईक शहरात जाऊन दात बसवेल, मग मी काय माशा मारू?" त्यांनी दाताच्या कण्या केल्या, पण कुणी ऐकलं नाही.

नवी गाडी सुरू झाली आणि पहिल्याच महिन्यात चार गिऱ्हाइकं खरोखरच शहरात पळाली. त्यात एक सख्खा मेव्हणा! काकांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं.

मेव्हण्याची शहरी कवळी मात्र जेवताना टकाटक वाजायला लागली. तो तडक ती बसवणाऱ्या शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि म्हणाला, "आमच्या दाजींची कवळी कधी वाजत नाही हो."

बाई खमक्या. दुसऱ्याच दिवशी गाडीत बसून त्या काकांच्या खोलीत हजर झाल्या, काम पाहिलं आणि तिथेच सौदा ठरला. आता सकाळच्या गाडीने पेशंटच्या दातांचे ठसे येतात, संध्याकाळच्या गाडीने आदल्या ठशांच्या कवळ्या जातात. वर्षभरात काकांनी शेजारच्या दोन सुनांना कामाला घेतलं. दुपारची गाडी वाढवा, या अर्जावर पहिली सही त्यांचीच.

परवा मेव्हणा ओशाळत दारात उभा राहिला. "दाजी, आता तरी बोलाल का?"

"आधी तोंड उघड," काका म्हणाले. "माप घेऊ दे."