मावशीची तेवीस प्लगइन

समजा, तुम्ही एका वाचनालयाची वेबसाइट सांभाळता. सकाळी ‘अपडेट करा’ हे बटण दाबता आणि दृष्टिहीन वाचकांसाठी ध्वनिमुद्रित केलेल्या चारशे बारा पुस्तकांचं पान कोरं पडतं. परवा एका मुलीची परीक्षा आहे. तिचं इतिहासाचं पुस्तक त्याच पानावर आहे. कुणाला फोन कराल?

माझ्या मावशीपुढे हाच प्रश्न होता. ती वाचनालयात लिपिक. फुकट मिळणारी, कुणीही उघडून बदलू शकेल अशी प्रणाली घेऊन तिने ही साइट स्वतः शिकून उभारली होती. अशा प्रणालीला मालक नाही, त्यामुळे तक्रारीचा फोनही नाही.

“बारभाईची शेती, काय लागेल हाती,” ग्रंथपाल म्हणाले. “तरी मी सांगत होतो, बाई.”

“तुम्ही सांगत होतात, खर्च शून्य ना, मग करा.”

ग्रंथपालांनी चष्मा पुसायला घेतला.

मावशीने प्रणाली वापरणाऱ्यांच्या मंचावर प्रश्न टाकला. वीस मिनिटांत एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं: पुस्तकं सुरक्षित आहेत, सगळी प्लगइन बंद करा, मग एकेक चालू करून बघा.

प्लगइन म्हणजे साइटला वरून जोडलेल्या छोट्या सोयी. फुकट ते पौष्टिक म्हणत मावशीने तेवीस जोडली होती. एक तर पानावर नुसता बर्फ पाडायचं.

सगळी बंद केल्यावर पुस्तकांची नावं दिसू लागली. मग ती कागदावर खुणा करत एकेक चालू करत गेली. सतराव्याला पान पुन्हा कोरं. ते नेमकं पुस्तकं ऐकवणारं प्लगइन होतं. ते लिहिणाऱ्याने तीन वर्षांत त्याला हात लावला नव्हता. पण कोड खुला असल्याने दुसऱ्या कुणीतरी त्याची प्रत घेऊन दुरुस्त केली होती. मावशीने ती बसवली आणि मुलीला फोन लावला.

“ऐकू येतंय का गं?”

“येतंय. पण मावशी, तह आले की तुम्ही फार घाईत वाचता.”

मावशी खुर्चीत मागे रेलून हसत सुटली. त्याच दुपारी तिने बर्फासकट नऊ प्लगइन काढून टाकली. आता ती कुठलंही अपडेट आधी साइटच्या दुसऱ्या प्रतीवर करून बघते.

ते ऐकवणारं प्लगइन मुळात लिहिणाऱ्याला तिने दोनदा पत्र लिहिलं. सुरुवातीला तिच्या बाळबोध शंकांना तो सुटीच्या दिवशीही उत्तरं द्यायचा. आता उत्तर येत नाही.

“कंटाळला असेल,” मी म्हणाले.

“कंटाळला असला तर बरंच,” मावशी म्हणाली. “पण तो ठीक असेल ना?”